आडोसा आणि अंधार

(स्मृती व्याख्यानमालेतील तिसऱ्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या मालेच्या तिसऱ्या पुष्पासाठी आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘मासिक पाळी आणि पॅडचा सुरक्षित वापर.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, ‘डॉक्टर, पत्रिकेवर नुसतं “स्त्रियांचे आरोग्य” छापलं तर चालेल?’ मी म्हटलं, छापा. पत्रिका तशीच छापली आहे. बोलणार मात्र मी पाळीबद्दलच आहे, आणि तेही नाव घेऊन.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या आपल्या बाई. त्यांनी मला सातवीत भूगोल शिकवला. शिक्षकखोलीतल्या त्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात जुन्या सुती लुगड्याच्या, धुऊन कडक वाळवलेल्या घड्या, एक नाडी, चार सेफ्टी पिना आणि एक गडद रंगाचा परकर. वर्गात एखाद्या मुलीचा चेहरा उतरलेला दिसला की बाई म्हणत, ‘जा गं, कपाटातून नकाशा घेऊन ये.’ ती मुलगी गेली की पाच मिनिटांनी बाई स्वतः जात. तिसऱ्या घंटेनंतर ती परत येई, हातात नकाशा घेऊन. महाराष्ट्राचा नकाशा आमच्या वर्गात इतक्या वेळा का टांगला गेला, हे मुलांना कधीच कळलं नाही. मुलींना सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्यासाठी नकाशा निघाला त्या संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आईला विचारलं, ‘कापड वाळत कुठं घालता?’ आई म्हणाली, ‘न्हाणीमागं, गोवऱ्यांच्या आड.’ ‘तिथं ऊन येतं?’ ‘ऊन कसलं बाई, चारचौघांना दिसंल.’ बाईंनी आईला अंगणात नेलं. दोन दोऱ्या होत्या. म्हणाल्या, ‘पुढच्या दोरीवर चादर घाला, मागच्या दोरीवर हे. रस्त्याला चादर दिसेल आणि कापडाला ऊन.’

मी पुढं वैद्यकीचं शिक्षण घेतलं, बरीच वर्षं स्त्रियांचे आजार तपासते आहे. पण या विषयातलं सगळं शहाणपण मला त्या दोन दोऱ्यांवर मिळालं. बाईला आडोसा हवा. तो तिचा हक्क आहे. अंधार नको. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या आडोसा म्हणून तिला अंधारच देत आलो.

आता शब्दांकडे बघा. कावळा शिवला. बाहेरची झाली. दूर बसली. अडचण आहे. कावळ्याचं मला नेहमी नवल वाटतं. आपल्याकडे पिंडाला शिवायलाही तोच आणि बाईला शिवायलाही तोच. शहरातल्या मुली आता ‘पीरिअड्स’ म्हणतात. तोही लपण्याचाच प्रकार, फक्त दुसऱ्या भाषेच्या आड. जी गोष्ट साधारण तेराव्या वर्षापासून पन्नाशीच्या आसपासपर्यंत दर महिन्याला घडते, तिला आपल्या घरात सरळ नाव नाही.

नाव नाही, पण नियम भरपूर. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, देवघराकडं फिरकायचं नाही. हातून चुकून झालेल्या स्पर्शांचं पाप फिटावं म्हणून ऋषिपंचमीचा उपास. गडचिरोलीतल्या माडिया गोंड पाड्यांवर बाईनं त्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहायचं. आम्ही वाड्यांतली माणसं त्याला मागास म्हणतो आणि आपल्या घरात कोपऱ्यात चटई टाकून देतो. मला यात धर्माची चर्चा करायची नाही. ती चौदाव्या शतकात सोयराबाईनं करून ठेवली आहे. चोखोबांच्या या बायकोनं अभंगात थेट विचारलं, की विटाळाशिवाय देह घडतो तरी कुठे? सहाशेहून अधिक वर्षं झाली. उत्तर कुणी दिलेलं नाही.

मी डॉक्टर म्हणून एवढंच विचारते. चार दिवस पाण्याच्या हंड्याला शिवू नकोस असं जिला सांगितलं, तिनं हात कशानं धुवायचे? शुद्ध-अशुद्धाचा हिशेब आपण काटेकोर ठेवला. स्वच्छतेची वही मात्र कोरीच राहिली.

आता शरीराकडे येऊ. पाळीतून जातं ते ‘नासकं रक्त’ नव्हे. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर थोड्या रक्तासह गळून पडतं. सगळं मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर आम्ही जास्त म्हणतो. २१ ते ३५ दिवसांनी येणारी आणि दोन ते सात दिवस चालणारी पाळी ही सर्वसाधारण पाळी.

योनीमार्ग एरवी आम्ल असतो. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद तिथं राहतात, ते आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात उपद्रवी जंतूंचं फावत नाही. पाळीचं रक्त या आम्लाची धार बोथट करतं. त्यात ऊब आणि ओल. जंतूंना आणखी काय हवं? म्हणून त्या दिवसांत ओलं कापड किंवा ओला पॅड अंगाशी किती तास राहिला, हा खरा प्रश्न. कापड की पॅड, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे मी मुद्दाम सांगते, कारण कापडाची आपण फार बदनामी केली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, १५ ते २४ वयाच्या ७७.३ टक्के मुली-स्त्रिया ‘स्वच्छ साधनं’ वापरतात असं दिसलं. आधीच्या फेरीत हाच आकडा ५७.६ होता. वाढ चांगलीच आहे. पण या मोजणीत कापड ‘स्वच्छ’ धरलं जात नाही, आणि कापडही वापरतो असं सांगणाऱ्या जवळपास निम्म्या होत्या. साबणानं धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं, मऊ सुती कापड मला चालतं. न्हाणीमागं गोवऱ्यांच्या आड कुबट राहिलेलं चालत नाही. दोष कापडाचा नाही, जागेचा आहे. आता धुऊन वापरायच्या शिवलेल्या पॅडसाठी २०२१ मध्ये भारतीय मानकही आलं आहे. म्हणजे बाईंच्या डब्यातल्या घडीला सरकारी मान्यता मिळाली म्हणायची.

आणखी एक भीती घरोघरी सांगितली जाते, की कापडानं पिशवीचा कॅन्सर होतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं कारण एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. त्यावर लस आहे, आणि ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना दिली तर सर्वांत जास्त उपयोग होतो. मुलीला घाबरवण्यापेक्षा लस द्या.

आता पॅड. शाळांतून बोलायला जाते तेव्हा मी टेबलावर एक पॅड कात्रीनं उभा कापते. आधी मुली खाली बघतात, मग पुढे सरकतात. वरचा थर जाळीदार, बहुधा प्लास्टिकच्याच धाग्यांचा. मधे कापसासारखं दिसतं, ते पुष्कळदा लाकडाच्या लगद्याचं असतं. त्यात साखरेसारखे बारीक कण. खाली प्लास्टिकचा पापुद्रा आणि गोंद. त्या कणांवर मी वाटीभर पाणी ओतते. भिजलेला साबुदाणा फुगावा तसे ते फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. मुली म्हणतात, ‘जादू!’ मी सांगते, जादू पाण्यावर चालते. रक्तात क्षार असतात, पेशी असतात, ते इतकं शोषलं जात नाही. जाहिरातीत निळं पाणी दाखवतात, ते पाण्यासारखंच असतं.

या कणांमुळे एक घोटाळा होतो. पॅड वरून कोरडा लागतो, आणि मुलीला वाटतं, अजून चालेल. सकाळी सहाला पॅड लावून सातच्या एसटीला बसलेली मुलगी संध्याकाळी सहाला घरी उतरते. बारा तास. पाकिटावर ‘रात्रभर सुरक्षा’ लिहिलेलं असतं, ते गळण्याबद्दल असतं, जंतूंबद्दल नव्हे. म्हणून नियम सोपा आहे: भरला असो वा नसो, चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा. अंगावरून जास्त जात असेल तर त्याही आधी. दोन पॅड एकावर एक लावून वेळ वाढवता येत नाही, नुसती ऊब वाढते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्या कुणी सांगत नाही. एकदा एका गावातली मुलगी आईबरोबर आली, मांड्या सोललेल्या. तिनं गोंदाची बाजू अंगाकडे लावली होती. शाळेत पाकीट वाटलं होतं, वाटताना सर बाहेर गेले होते आणि पाकिटावरचं चित्र तिला कळलं नव्हतं. तेव्हा सांगते. गोंद चड्डीकडे, मऊ बाजू अंगाकडे. पॅड बदलण्याआधी आणि नंतरही हात धुवा. धुताना नुसतं स्वच्छ पाणी पुरतं, हात पुढून मागे न्यायचा, म्हणजे शौचाच्या जागेचे जंतू पुढं येत नाहीत. योनीच्या आत साबण, डेटॉल, अत्तर काहीही घालायचं नाही. आतली सफाई शरीर स्वतः करतं. सुगंधी पॅडनं खाज सुटत असेल तर साधा वापरा. मांडीला काचत असेल तर रात्री खोबरेल लावा आणि चड्डी सुती घाला. पाकीट मोरीत ठेवू नका, तिथं ओल असते. मुदत बघा.

आणि डॉक्टरकडे केव्हा जायचं? तासातासाला पॅड बदलावा लागत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर चालत असेल, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, घाण वास, खाज, ताप, ओटीपोटात कळ असेल तर. ‘बायकांचं असंच असतं’ हे निदान नव्हे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यांतल्या कितीजणी दर महिन्याला जास्त रक्त घालवत असतील आणि त्याला नशीब म्हणत असतील!

हे सगळं सांगून झालं की समोरची एखादी बाई मागच्या रांगेतून विचारते, ‘बाई, बदलायचा कुठं?’ माझं अर्धं व्याख्यान तिथं संपतं.

या प्रश्नाचं टोक बघायचं असेल तर बीड जिल्ह्यात चला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. पहाटे अंधारात फडात, रात्री कोपीवर परत. फडात संडास नाही, पाणी नाही, आडोसा म्हणजे उभा ऊस. तो तर तोडायचाच असतो. एकच कापड दिवसभर. मग अंगावरून पांढरं जाणं, खाज, कंबर धरणं. ज्या तक्रारींचा बराचसा भाग गोळ्यांनी बरा होतो, त्यासाठी दवाखान्यात सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका.’ २०१९ साली राज्य सरकारनं याच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागे एक. यात पैशाचा लोभ आहे, मजुरीची सक्ती आहे, घाई आहे. पण या साखळीची पहिली कडी कुठली? कापड बदलायला नसलेली जागा. आपल्या चहातली साखर तिथून येते.

आता पॅडच्या दुसऱ्या टोकाकडे. कापड धुऊन पुन्हा घेतलं जाई, पॅड टाकावा लागतो. दिवसाला चार, पाच दिवसांचे वीस, वर्षाचे २४०. एका बाईच्या आयुष्यात आठ-नऊ हजार. दुकानदार तो काळ्या पिशवीत, वर्तमानपत्रात बांधून देतो आणि आपण तसाच गुपचूप कुठंतरी टाकतो. संडासात टाकला तर पाइप तुंबतो. उकिरड्यावर टाकला तर कुत्रं ओढून आणतं. कचऱ्यात टाकला तर तो कुणाच्या तरी हातात जातो, आणि तो हात बहुतेक वेळा बाईचाच असतो.

पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी ही गोष्ट उघड्यावर आणली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना स्थापन झाली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, जी महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलते. ओला-सुका वेगळा करताना या बायकांना सुटे, न गुंडाळलेले पॅड हातानं उचलावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. म्हणाल्या, तुम्ही विकता, तर टाकण्याची सोयही द्या. वर्तमानपत्राच्या पिशव्याही त्यांनी स्वतः बनवून दिल्या. पुढे मोहीम निघाली: पॅड कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा, वेगळा द्या. ठिपका दिसला की उघडून बघायची वेळ येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड-डायपर गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आणि त्यासाठी पाकीट पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली.

ज्या कागदानं आजवर पॅड लपवला, त्याच कागदावर पुण्याच्या बायकांनी खूण काढायला लावली. बाईंची चादर आणि हा लाल ठिपका, मला एकाच घरचे वाटतात.

शाळांतून पॅड जाळायची यंत्रं बसवतात. फीत कापली जाते, फोटो येतो. त्यांतली कित्येक पुरेशी तापत नाहीत. प्लास्टिक जाळायला ८०० अंशांच्या वर उष्णता लागते, नाहीतर विषारी धूर निघतो, आणि तो वर्गाच्या खिडकीतून आत येतो. त्यापेक्षा झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करणारी, हातमोजे घातलेली, नीट पगार मिळणारी व्यक्ती बरी. कचराच टाळायचा असेल तर ज्यांना जमेल त्यांनी पाळीचा कप वापरून पाहावा. सिलिकॉनचा असतो, दर पाळीला उकळून घ्यायचा, नीट निगा राखली तर वर्षानुवर्षं टिकतो. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरला विचारा. मी कुणालाही एकाच साधनाचा आग्रह करत नाही. जिच्याकडे पाणी नाही तिनं कप कशात उकळायचा? साधन बाईनं निवडावं. निवडता येईल अशी जागा, पाणी आणि माहिती तिला मिळावी.

पैशाचंही बोलू. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर होता. कुंकू आणि बांगड्या मात्र करमुक्त! बायकांनी आवाज उठवला, जुलै २०१८ मध्ये कर गेला. मार्च २०१८ मध्ये राज्यानं ‘अस्मिता’ योजना आणली, शाळकरी मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळे. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट २०१९ पासून पॅड एक रुपयाला आहे. म्हणजे महिन्याचे वीस रुपये. गावातल्या आशाताईंना विचारा, जवळचं केंद्र कुठं आहे ते त्या सांगतील. घरात मोबाइलचं रिचार्ज दर महिन्याला होतं. त्या यादीत हे वीस रुपयेही लिहा, आणि ते आणायला मुलग्यालाही पाठवा. तो काळी पिशवी न मागता पाकीट हातात घेऊन आला, तर समजा घरात उजाडलं.

आणि उघड बोलण्याचं म्हणाल, तर १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि २६ वर्षं चालवलं. खटले झाले, नोकरी तर आधीच गेली होती. शरीराबद्दल स्पष्ट मराठीत बोलायची परंपरा आपल्याकडे आहे. आपणच ती माळ्यावर टाकली.

शेवटी एक घरचंच गाऱ्हाणं. आज मी अर्धा तास आधी आले आणि या सभागृहाच्या मागचं स्त्रियांचं स्वच्छतागृह पाहून आले. नळाला पाणी आहे, त्याबद्दल धन्यवाद. दाराला आतून कडी नाही. कोपऱ्यात डबा आहे, त्याला झाकण नाही. कचरा वरपर्यंत आला आहे. समोर दोनशे स्त्रिया बसल्या आहेत. त्यांतल्या निदान वीस-पंचवीस जणींची आज पाळी असेल, आणि त्या माझं बोलणं संपण्याची वाट बघत असतील.

आयोजकांनी मला मानधनाचं पाकीट देऊ केलं आहे. माझी विनंती आहे, की त्यातून एक कडी, एक झाकणाचा डबा, साबण आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्यांचा एक गठ्ठा घ्यावा. आणि लाल खडूही. पुढच्या वर्षी चौथं पुष्प गुंफायला कोणी येईल, त्यांचा विषय काहीही असो, ती कडी तोवर लागलेली असावी. बाईंचं स्मारक म्हणून एवढं पुरे आहे.